फौजेतून पळून आलेल्याचं काय करायचं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात पारावर हा प्रश्न टाकून पाहा: फौजेतून पळून आलेल्या जवानाला शिक्षा व्हावी का? उत्तर लगेच येतं आणि कडक येतं. "पगार खाल्ला, कॅन्टीनचं सामान आणलं, गावात मेजर म्हणून मिरवला. मग आता शिक्षा का नको?" मग तोच प्रश्न जरा वाकवून विचारा. समजा तुमच्याच चुलत्याचा पोरगा पळून आलाय, मागच्या खोलीत झोपलाय आणि सकाळी पोलीस पाटील विचारायला आला, तर काय सांगाल? आता उत्तराला वेळ लागतो. कुणीतरी घसा खाकरून म्हणतं, "तसं नसतंय ओ. कारण बघावं लागतंय."

मला ही दोन्ही उत्तरं प्रामाणिक वाटतात. पळून जाणाऱ्या सैनिकाला शिक्षा व्हायलाच हवी, या मताचा मी आहे. मात्र ती किती व्हावी हे ठरवताना तो कुणाला, कुठं आणि कशा अवस्थेत टाकून गेला हे आधी पाहावं, आणि त्याच्या परतीची वाट सरकारनं स्वतःच्या हातानं बुजवू नये. या दोन्ही बाबतीत आपला कायदा कमी पडतो, आणि कायद्याहून जास्त आपली रीत कमी पडते.

आधी शिक्षा का हवी ते. आपल्याकडं सक्तीची लष्करभरती नाही. जालना, परभणी, बीडच्या रस्त्यांवर पहाटे सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरं कुणी ओढून आणलेली नसतात. अकॅडमीची फी भरायला बापानं म्हैस विकलेली असते, वयाची अट निघून जायच्या आत भरती निघावी म्हणून आईनं नवस बोललेला असतो. एवढं करून जो आत जातो त्याला शपथेचा अर्थ कळला नव्हता, असं म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियानं सैन्यभरतीचा फतवा काढला तेव्हा हजारो तरुण जॉर्जिया आणि कझाकस्तानच्या सीमेकडं धावले. त्यांना मी गुन्हेगार म्हणणार नाही; दुसऱ्याच्या देशावर चाल करून जायला त्यांची संमती कुणी विचारलीच नव्हती. आपल्या जवानाला ही पळवाट नाही. तो स्वतःहून गेला, म्हणून त्याची जबाबदारी वाढते.

गावाला हा मामला ऊसतोडीच्या उचलीसारखा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशासारखा वाटतो. मुकादमाकडून उचल घेतली आणि हंगामाच्या मध्यावर कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, फडावरून पळाला, की मुकादम घरी येतो, भांडीकुंडी बघतो, बैलांकडं बघतो. पैसे घेतले, काम सोडलं, आता फेड. फौजीनंही सरकारची उचल बुडवली, असा हिशोब. पण सरकारचा पैसा बुडाला हा या गुन्ह्यातला सगळ्यात लहान भाग आहे. पुढच्या ठाण्यावर जवान जोडीनं असतात. फौजेत त्या जोडीदाराला 'बडी' म्हणतात. एक झोपतो तेव्हा दुसरा जागा असतो. रात्री दोन वाजता त्यातला जागा असलेला निघून गेला, तर झोपलेल्याला ते कळायचंही नाही. पळून जाणाऱ्याचा घेणेकरी दिल्लीत बसलेला नसतो, तो शेजारच्या स्लीपिंग बॅगेत घोरत असतो. या माणसासाठी शिक्षा हवी. आणि याच कारणानं छावणीच्या स्टोअरमधून निघून गेलेल्याचा गुन्हा आणि ठाण्यावरचा पहारा सोडून गेलेल्याचा गुन्हा एका नावाचा असला तरी एका वजनाचा नाही.

आर्मी ॲक्ट, १९५० हा फरक ओळखतो, पण अर्धवट. कलम ३८ प्रमाणे सक्रिय सेवेवर असताना, किंवा तसा हुकूम मिळालेला असताना, पळून गेलेल्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. एरवी सात वर्षांपर्यंत कैद. कलम ३९ आहे ते रजेशिवाय गैरहजर राहणं किंवा रजा संपूनही न परतणं यासाठी, तिथं कमाल तीन वर्षं. आता 'सक्रिय सेवा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं युद्ध येतं. पण कलम ९ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या सैनिकांना सक्रिय सेवेवर असल्याचं मानू शकतं. म्हणजे तोफ कुठंच धडधडत नसताना एखाद्याच्या डोक्यावर कायद्यानं फास लटकू शकतो. प्रत्यक्षात कुणी त्याला फासावर चढवणार नाही हे मलाही कळतं. पण वापरायचीच नसलेली शिक्षा पुस्तकात ठेवून कुणाचं भलं होतं?

३८ आणि ३९ या दोन कलमांमधला सगळा फरक इराद्याचा आहे: कायमचं जायचं होतं, की परत यायचं होतं? कॅप्टन वीरेंद्र कुमार यांच्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं हा इरादाच महत्त्वाचा मानला. पण इरादा माणसाच्या मनात, आणि माणूस तर जागेवर नाही. त्यावर कलम १०६ नं काढलेली तोड अशी: तीस दिवस गैरहजर राहिला की चौकशी न्यायालय बसवायचं, गैरहजेरीची नोंद करायची, आणि पुढं तो स्वतः हजर झाला नाही किंवा सापडला नाही तर त्याला डेझर्टर, म्हणजे कायमचा पळालेला, मानायचं. सही करायला तो नसतोच. बाजू मांडायलाही नसतो.

यातून काय होऊ शकतं हे देशानं एकदा पाहिलेलं आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात उत्तर प्रदेशातला एक तरुण जवान बेपत्ता झाला. नुकतंच लग्न झालेलं. लष्कराच्या दफ्तरात तो डेझर्टर ठरला. गावात त्याच्या घरच्यांना काय काय ऐकावं लागलं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आपली गावंही त्याच मातीची आहेत. तो प्रत्यक्षात पाकिस्तानच्या कैदेत होता. ऑगस्ट २००४ मध्ये सुटून आला, तोवर बायकोचं दुसरं लग्न झालेलं आणि ती गरोदर. मग टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर पंचायत बसली आणि तिनं पहिल्या नवऱ्याकडं जावं असं ठरलं. जानेवारी २००६ मध्ये ती वारली. त्या पंचायतीबद्दल लिहायला बसलो तर दुसरा लेख होईल, म्हणून तो राग इथंच ठेवतो. मला दाखवायचं आहे ते एवढंच: शत्रूच्या तुरुंगात दिवस काढणारा सैनिक आणि घरी पळालेला सैनिक, दोघंही हजेरीपटावर सारखेच दिसतात. नियमाप्रमाणं दिवस मोजले आणि नियमाप्रमाणं शिक्का मारला, तरी शिक्का चुकीच्या माणसावर बसू शकतो.

याहून कमी गाजलेली प्रकरणंही आहेत. घरी जायला गाडीत बसलेला जवान पोचलाच नाही, तुकडीनं त्याला फरार ठरवलं आणि बायकोला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी झगडावं लागलं, असे दावे सशस्त्र सेना न्यायाधिकरणापुढं आलेले आहेत. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मृत मानावा, असं पुराव्याचा कायदा सांगतो. फरार ठरवलेल्याच्या बायकोनं ही सात वर्षं कशावर काढायची हे तो कायदा सांगत नाही. आणि महाराष्ट्राचं न्यायाधिकरण मुंबईत. औंढ्याच्या किंवा परंड्याच्या बाईनं तिथं तारखांना जायचं म्हणजे रात्रीची एसटी, वकिलाची फी आणि एका दिवसाची रोजंदारी बुडणं.

बरं, जो खरोखर घरीच पळून येतो, त्याचं कारण काय असतं? शत्रूची भीती हे कारण माझ्या कानावर क्वचितच आलंय. भावकीनं बांध कोरला. बहिणीची सोयरीक मोडली. बापानं कर्ज काढून बोअर घेतला आणि तो कोरडा गेला. सासू-सुनेचं पटेना, बायको माहेरी गेली. वर्षाची साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा कागदावर आहे, पण ती तुकडीच्या सोयीनं मिळते, तहसीलच्या तारखेप्रमाणं नाही. सैनिक विशेष परिस्थितीत सेवेवर असताना त्याच्या गैरहजेरीत दावा पुढं रेटला जाऊ नये म्हणून १९२५ पासून सैनिकांसाठी वेगळा कायदा आहे, इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट. तहसीलच्या पायऱ्यांवर स्टँप लिहून देणाऱ्याला एकदा विचारून पाहा त्याच्याबद्दल.

समजा, ३० सप्टेंबर १९९३ ची सकाळ आहे. किल्लारी-सास्तूर भागात पहाटे भूकंप झालाय. त्या पट्ट्यातला एक जवान आसामात आहे. रेडिओवर बातमी ऐकतो आणि परवानगीची वाट न बघता मिळेल त्या गाडीत बसतो. पुस्तकाप्रमाणं तो गुन्हेगार. पण त्याच दिवसांत लष्कराचेच दुसरे जवान त्याच्या गल्लीत ढिगारे उपसत असणार. कोणता कमांडिंग ऑफिसर त्याला कोर्ट मार्शलपुढं उभा करेल? मला नाही वाटत कुणी करेल. भूकंप सगळ्या देशाला दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेही देशाला दिसलं. पण एका घरातला आटलेला बोअर, सावकाराचा तगादा आणि बापाचं दिवसेंदिवस गप्प गप्प होत जाणं बातमीत येत नाही. फोनवर आई म्हणते, "इकडचं काय टेन्शन घेऊ नको रे." आणि पोराला नेमकं त्यातूनच सगळं कळतं. आत्महत्यांची झळ लागलेल्या गावातल्या पोराला तर जास्तच.

तरीही हे कारण त्याला सोडवत नाही. कारण खरं असलं तरी सुभेदार साहेबांना सांगणं त्याच्या हातात होतं. निघून आल्यावर तुकडीला फोन करणंही हातात होतं. ज्यानं सांगितलं आणि ज्यानं फोन बंद करून टाकला, त्या दोघांत कायद्यानं मोठा फरक करायला हवा. लहान चुकीसाठी मोठी शिक्षा टिकत नाही हे तर सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय: १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात, जेवण घ्यायला नकार दिल्याबद्दल एका जवानाला वर्षभराची कैद आणि बडतर्फी झाली होती, ती न्यायालयानं गुन्ह्याच्या प्रमाणाबाहेरची म्हणून रद्द केली.

यावर हटकून एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. सैन्य अन्यायाच्या बाजूला उभं असेल तर? अशा वेळी पळून जाणाराच खरा शूर नव्हे का? छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून रोज जाणाऱ्यांना हा आक्षेप समजायला हवा. जून १८५७ मध्ये तिथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, घोडदळात, आपल्याला दिल्लीवर चालून नेणार, अशी बोलवा उठली आणि स्वारांनी निजामाच्या हद्दीबाहेर जायला नकार दिला. इंग्रजांनी तोफा आणल्या. काही निसटले, सापडलेल्यांतल्या काहींना काळ्या चबुतऱ्यापाशी मारलं. इंग्रजांच्या कागदांत ते बंडखोर आणि फरारी, आपण मात्र त्या चौकाला क्रांतीचं नाव दिलं, आणि योग्यच केलं. पण मला यात इंग्रजांच्या फौजेतल्या गढवालच्या चंद्रसिंहांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरात निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला त्यांनी नकार दिला. ते पळाले नाहीत. तिथंच उभे राहिले, कोर्ट मार्शलला सामोरे गेले, जन्मठेप घेतली. सद्सद्विवेकाची हाक मानणाऱ्याला तोंड लपवावं लागत नाही. लोकशाही देशात अशा उघड नकारासाठी कायद्यानं शिक्षा हलकी ठेवावी, असं मी म्हणेन. शिक्षाच नको, इथवर मी जाणार नाही.

कारण जून १९८४ ही आठवतो. ऑपरेशन ब्लू स्टारची, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईची, बातमी ऐकून रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमधून आणि आणखी काही ठिकाणांहून जवान शस्त्रं घेऊन निघाले. रामगढला ब्रिगेडियर एस. सी. पुरी मारले गेले. हजूर साहिबच्या शेजारी आयुष्य काढलेल्या नांदेडकराला त्या जवानांच्या काळजाला काय झालं असेल ते कळतं, तो शीख नसला तरी. पण आपल्याच अधिकाऱ्याच्या मृतदेहावरून गेलेली वाट क्षम्य मानता येत नाही. आणि तरीसुद्धा, वर्ष-सव्वा वर्षातच, जुलै १९८५ च्या पंजाब प्रश्नावरच्या राजीव-लोंगोवाल करारात सैन्यातून काढलेल्यांच्या पुनर्वसनाचं कलम घालावं लागलं. म्हणजे एवढ्या मोठ्या जखमेनंतरही या देशाला परतीची वाट शोधावी लागलीच.

आपल्याला ही वाट बुजवण्याचं भारी कौतुक आहे. सिंहगडाची गोष्ट चौथीपासून प्रत्येकाला पाठ. १६७० साल, तानाजी पडला, मावळे कड्याकडं पळू लागले, सूर्याजीनं सांगितलं की दोर मी कधीच कापून टाकलेत, आता लढा नाहीतर कड्यावरून उड्या टाका. आपण यातून दोर कापण्याचा धडा घेतला, भाषणांत वापरून वापरून गुळगुळीत केला. पण गोष्ट नीट ऐका. जे पळत होते तेच उलटे फिरले आणि त्यांनीच गड घेतला. सूर्याजीनं त्यांतल्या एकालाही मागाहून कड्यावरून ढकलल्याचं कुणी सांगत नाही. घटकाभरापूर्वी पाठ दाखवलेल्या माणसांवर त्यानं पुन्हा भरवसा ठेवला. माणूस एका क्षणी मोडतो म्हणून तो कायमचा मोडका ठरत नाही, हे आपल्याच गोष्टीत लिहिलेलं आहे आणि आपण दोराकडंच बघत बसलोय.

इंग्रजांनी ते पाहिलं नाही आणि त्यांना ते नव्वद वर्षं छळत राहिलं. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी त्यांनी आपल्या फौजेतल्या तीनशेहून जास्त सैनिकांना पहाटे गोळ्या घातल्या. हॅरी फार हा त्यातला एक. ऑक्टोबर १९१६ मध्ये मारला गेला. त्याआधी तोफांच्या धक्क्यानं मन बिघडल्याबद्दल त्याच्यावर उपचार झालेले होते. शरमेपोटी घरात त्याचं नाव निघत नसे. मुलगी म्हातारी झाली तरी लढत राहिली, तेव्हा कुठं २००६ मध्ये त्या ३०६ जणांना माफी मिळाली. आणि आत्ताचं उदाहरण युक्रेनचं. घराच्या दारात युद्ध आहे, माणूसबळ अपुरं आहे, तुकड्या सोडून जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा देशानं कडक व्हायला हवं होतं असं कुणालाही वाटेल. त्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये उलट कायदा केला: पहिल्यांदाच निघून गेलेला सैनिक आपणहून परत आला तर त्याला शिक्षेतून सूट देता येईल. यात दया किती आणि गरज किती हे मी सांगू शकत नाही. पण सैन्याला माणूस हवा असतो, कैदी नको असतो, हा हिशोब त्यांना कळला.

आपल्या कायद्यातही असा एक कोपरा आहे, फारसा कुणाच्या लक्षात नसलेला. कलम १२२ म्हणतं की पळून गेलेला जवान परत आला आणि त्यानंतर सलग तीन वर्षं त्यानं उत्तम सेवा केली, तर सक्रिय सेवेवरून पळालेला नसल्यास, त्या जुन्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. १९५० साली हे लिहिणाऱ्यांना माणसाची पारख होती. तोच धागा पुढं न्यायला हवा. कलम ३८ मधला मृत्युदंड काढून टाकावा. शत्रूसमोर ठाणं टाकणं, लष्करी कारवाई चालू असताना पहाऱ्याची जागा सोडणं यांसाठी कलम ३४ स्वतंत्र आहेच, आणि बडीला उघड्यावर टाकून जाणाऱ्याचा निवाडा तिथं होऊ शकतो. ठरावीक मुदतीत आपणहून हजर होणाऱ्याला कैद नको. दर्जा कमी करा, रजा कापा, पगार कापा, सेवेची वर्षं मात्र मातीत घालू नका. नोकरी मध्येच सोडण्याचा सरळ रस्ताही रुंद करावा लागेल. आज स्वतःच्या विनंतीवरून सेवामुक्ती मागता येते, पण ती मिळेलच असं नाही, आणि अग्निवीराला तर चार वर्षांच्या आत अगदी अपवाद म्हणूनच. पुढच्या दारावर एवढा पहारा ठेवला की माणूस मागच्या दाराकडं वळतो.

"मग उद्या सगळेच पळतील," असं एका निवृत्त हवालदारांनी मला ऐकवलं होतं. काका, सगळे का पळतील? ज्या नोकरीसाठी पोरं चिखलात धावतात, ती शिक्षा थोडी हलकी झाली म्हणून सोडून देतील? जवान जागेवर थांबतो तो बहुतेक वेळा शेजारच्या जवानासाठी आणि गावात मान खाली जाऊ नये म्हणून. कलम ३८ त्यातल्या कितीजणांनी वाचलेलं असतं?

गावाबद्दल बोलायचं तर एक गोष्ट मला कधीच पटली नाही. पळून आलेल्याला आसरा देणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १३६ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १६४. त्याला एक अपवाद आहे: पळून आलेल्याच्या बायकोनं किंवा नवऱ्यानं आसरा दिला तर तो गुन्हा नाही. आईसाठी तो अपवाद नाही. दारात आलेल्या लेकराला तिनं भाकरी वाढून मागच्या खोलीत झोपू दिलं, तर कायद्यानं दोन वर्षांपर्यंतची कैद तिच्या वाट्याला येऊ शकते. ज्यानं कुणी हा अपवाद लिहिला त्यानं आपल्याकडचं घर पाहिलं नव्हतं.

आणि तीस दिवसांचं काय करायचं, तेही ठरवावं लागेल. गैरहजेरीचा पहिला दिवस आणि चौकशी न्यायालय यांच्यामध्ये एक महिना असतो. त्या महिन्यात गावापर्यंत पोचते ती पोलिसांना आलेली पकडण्याची सूचना, म्हणजे मोटारसायकलवरचा शिपाई. आणि शिपाई दारात दिसला की अख्खी गल्ली शहाणी होते. बहुतेक जिल्ह्यांत राज्य सरकारचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. प्रत्येक तालुक्यात निवृत्त सुभेदार, नायब सुभेदार आहेत, ज्यांनी असे मोडलेले जवान आपल्या कंपनीत पाहिलेत आणि सावरलेतही. तुकडीनं पहिल्याच आठवड्यात त्या कार्यालयाला कळवावं, आणि शिपायाच्या आधी अशा एखाद्या सुभेदारानं त्या घरी जाऊन बसावं. पोरगा घरात असेल तर त्याला घेऊन तुकडीला फोन लावावा. नसेल तर तो घरी पोचलाच नाही हे लेखी कळवावं, आणि तो कागद चौकशी न्यायालयापुढं वाचल्याशिवाय कुणालाही डेझर्टर मानू नये. सुभेदारांच्या पेट्रोलचा खर्च राज्य सरकारनं द्यावा. एका खटल्याच्या कागदांपेक्षा तो स्वस्तात पडेल.